घरं पाहिली, माणसं पाहिली

‘घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याने ती पहिल्यांदा उच्चारली त्याच्या नावावर जमिनीचा एखादा तुकडा नक्की असला पाहिजे. आपल्या आज्या-पणज्यांना घर बांधून पाहण्याची मुभा होती कुठे? गावात जागा मिळाली ती गावकुसाबाहेर, आणि पोटासाठी मुंबईला आले तर मिळाली ती दहा बाय सोळाची सरकारी खोली. पण वाचक बंधू-भगिनींनो, एवढ्याशा जागेत आपल्या माणसांनी जे घर उभे केले ते एकदा डोळे उघडे ठेवून पाहण्यासारखे आहे.

मी महापालिकेच्या शाळेत ३१ वर्षे शिकवले. शाळामास्तर आणि बाई म्हणजे सरकारचे हक्काचे पाय. जनगणना आली, हिंडा. मतदार याद्या आल्या, हिंडा. पल्स पोलिओ आला, पेटी खांद्याला लावा आणि जिने चढा. सहकारी शिक्षिका या कामाला कंटाळायच्या. मला मात्र त्याची गोडी लागली, कारण त्या निमित्ताने शेकडो घरांचे उंबरे ओलांडायला मिळाले. घरात शिरल्यावर पाणी विचारणारी माणसे मिळाली. धर्माच्या रकान्यापाशी पेन थांबले की, “बौद्ध लिहा बाई, आणि दाबून लिहा,” असे सांगणारे म्हातारे भेटले.

जनगणनेच्या आधी घरयादी करतात. त्या अर्जात भिंत कशाची, छप्पर कशाचे, जमीन शेणाची की फरशीची, खोल्या किती, संडास कुठे, घरात रेडिओ आहे का, टीव्ही आहे का, सायकल आहे का, असे सगळे विचारलेले असते. भिंत कशाची हे विचारतात, पण भिंतीवर काय आहे हे विचारत नाहीत. पुस्तकांचा रकाना तर मी कधी पाहिलाच नाही. मी आपल्या मनातल्या मनात ते रकाने भरत असे.

२००० साली माझ्या वाट्याला वरळीच्या बी.डी.डी. चाळी आल्या. त्यातल्या एका चाळीत आईच्या गावची मावशी राहायची, म्हणजे लहानपणापासून येणे-जाणे होतेच. या चाळींची हकीगत नव्या पोरांना ठाऊक नसते म्हणून थोडक्यात सांगते. बी.डी.डी. म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, १९२० साली हे खाते निघाले आणि पुढच्या काही वर्षांत वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. एकट्या वरळीत १२१. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. सुरुवातीला लोक राहायला येईनात. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात वरळीच्या काही चाळींचा सरकारने चक्क तात्पुरता तुरुंग केला होता. कैदी ठेवायला जी इमारत बरी वाटली, तीच पुढे आपल्या तीन पिढ्यांचे घर झाली.

तर मावशीची खोली. दारातून आत पाऊल टाकले की समोरची अख्खी भिंत फोटोंची. मधोमध बाबासाहेब, कोट-टायमधले. त्यांच्या डाव्या हाताला रमाई, उजव्या हाताला जोतीराव आणि शाहू महाराज. खाली छोट्या फळीवर बुद्धमूर्ती आणि पितळेचा मेणबत्तीचा स्टँड. कडेला मावशीच्या सासऱ्यांचा एक पुसट फोटो आणि काकांचा समता सैनिक दलाच्या गणवेशातला फोटो. काका तेव्हा हयात होते, पण फोटो आधीच वर चढला होता. “मेल्यावर लावायचा फोटो जिवंतपणी बघून घेतलेला बरा,” असे ते म्हणायचे.

फोटोंच्या खाली लोखंडी खाट, तिचे चारही पाय विटांवर चढवलेले. विटा अशासाठी की खाली ट्रंका, तांदळाचे पिंप, पाहुण्यांच्या गोधड्या आणि नातवाचे दप्तर राहावे. दाराच्या बाजूला हातभर मोरी. वर पोटमाळा, त्याला टेकवलेली शिडी, आणि शिडीच्या पायऱ्यांवर सुकत घातलेले कपडे. एका बाजूला मांडणी, तिच्यात स्टीलची भांडी आरशासारखी घासलेली. पितळेची भांडी १९८२च्या गिरणी संपात मोडीत गेली, ही स्टीलची नंतरची. या खोलीत एकही वस्तू अशी नव्हती की जी दोन कामे करत नव्हती.

मी अर्ज भरू लागले. अर्जात ‘विवाहित जोडपी किती’ असा एक प्रश्न होता. मी तो विचारला आणि मावशी खो-खो हसायला लागली.

“तीन लिही गो. नि खोली एक लिही. वाचून सरकारला जरा लाज वाटू दे.”

दोन्ही सुनांनी तोंडाला पदर लावला. तीन जोडपी एका खोलीत राहत होती खरी, पण तीही मावशीच्या हिशेबाने. थोरला मुलगा रात्रपाळीला, म्हणून त्याची बायको आणि नातवंडे खाली. धाकटा पोटमाळ्यावर. काका बाहेर पॅसेजमध्ये चटई टाकून, उशाला काठी ठेवून. मावशी स्वतः शेजारच्या विधवा बाईकडे. थोरल्याची पाळी बदलली की सगळी मांडणी बदलायची आणि ती कोणालाही तोंडाने सांगावी लागायची नाही. मजल्यावर कोणाचे नवे लग्न झाले की शेजारची एखादी खोली काही दिवस रात्रीची आपोआप रिकामी व्हायची. त्या खोलीतली माणसे “आज बहिणीकडे जाऊन येतो” म्हणून निघून जात. नवरीला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून एवढी खटपट. हे कोणी शिकवले असेल?

मजल्यावरच्या पोराची दहावी म्हणजे सगळ्या मजल्याची दहावी. मार्च महिन्यात टीव्हीचे आवाज खाली यायचे. पॅसेजमधल्या दिव्याखाली पाट टाकून पोरे वाचत बसायची, आणि जाणारी-येणारी बाई घागर कमरेवर घेऊन त्यांच्या वह्यांना वळसा घालून जायची. माझे स्वतःचे डी.एड. अशाच एका दिव्याखाली झाले. बाबासाहेबांचे शाळकरी दिवस लोअर परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत गेले. सुभेदार रामजी स्वतः रात्री दोनपर्यंत जागून मग मुलाला अभ्यासाला उठवायचे, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते किती अवघड असेल हे मला पुस्तक वाचून नाही, त्या पॅसेजमध्ये बसून कळले.

पुढे एकदा परळच्या पोयबावडीला बी.आय.टी. चाळीतल्या बाबासाहेबांच्या खोल्या पाहून आले. दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ नंबरच्या. १९१२ पासून १९३४ पर्यंत त्यांचा संसार तिथे होता. काय पाहिले असे कोणी विचारले तर सांगण्यासारखे फार नाही. दोन खोल्या, एक सामाईक गॅलरी, बस्स. माझ्याबरोबर आलेली पाचवीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, हे तर आमच्याएवढंच आहे!” तिचा चेहरा असा काही उजळला की मी तिला त्यावर काही शिकवायच्या फंदात पडले नाही. तिथून आम्ही दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ पाहायला गेलो. घर पाहावे बांधून ही म्हण आपल्यात कोणी खरी केली असेल तर ती बाबासाहेबांनी, आणि तीही पुस्तकांसाठी. मगधाच्या जुन्या राजधानीचे नाव त्यांनी त्या वास्तूला दिले. त्याच घरात १९३५च्या मे महिन्यात रमाईंनी डोळे मिटले. परळच्या दोन खोल्यांत उभी हयात काढलेल्या त्या माऊलीला मोठ्या घरात किती थोडे दिवस मिळाले, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

असो. मावशीच्या खोलीचे दुसरे टोक कोकणात होते. मुंबईची चाळ आणि गावचे घर ही आपल्या कोकणातल्या लोकांची दोन घरे नाहीत, एकाच घराची ती दोन दारे आहेत. मावशीचे थोरले दीर, त्यांना सगळे तात्या म्हणत, संपानंतर कायमचे गावी गेले. १९९६च्या मे महिन्यात मी दापोली तालुक्यातल्या त्यांच्या वाडीत चार दिवस राहिले. असे घर मी पुन्हा पाहिले नाही.

तात्या गिरणीत रिंग खात्यात होते. जुन्या काळी साचा खात्यात आपल्या माणसांना घेत नसत. तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि बाकीच्यांना विटाळ होई. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. साचा खात्यात पगार जास्त होता, म्हणजे विटाळाची किंमत आपण दर महिन्याला मोजत होतो. तरीही तात्यांनी रिंग खात्याच्या पगारावर घर बांधले. एका वर्षात नाही, बोनसला बोनस जोडून.

ते मला घर दाखवत हिंडले. “ही ओटी सहासष्टच्या बोनसची. हे जांभ्याचे चिरे पलीकडच्या खाणीतले, डोक्यावरून आणले, गाडी कोण देणार आम्हाला? हा माजघराचा दरवाजा फणसाचा, एकाहत्तरचा. त्या साली पोरगी झाली. वर आधी पेंढा होता, कौलं सत्त्याहत्तरला चढली.” प्रत्येक खांबावर हात ठेवून ते साल सांगत होते. माझ्या इतिहासाच्या तासाला असा शिक्षक मिळाला असता तर पोरे कधी नापास झाली नसती.

मागच्या पडवीत आम्ही गेलो. तिथली भिंत कमरेपर्यंत नीट चिऱ्यांची होती आणि कमरेच्या वर कुडाची, कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेली. दोहोंच्या मधल्या रेघेवर तात्यांनी बोट टेकवले.

“इथपर्यंत गिरणी. इथून वर संप.”

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या त्या संपात अडीच लाखांच्या घरात कामगार होते. त्यावर पुस्तके निघाली, भाषणे झाली. पण माझ्यापुरता तो संप त्या भिंतीवरच्या रेघेत आहे. तात्यांच्या मुलाने पुढे ती भिंत चिऱ्यांनी पुरी करायची म्हटले तेव्हा तात्यांनी हरकत घेतली नाही. “कर की, पाऊस आत येतो,” एवढेच म्हणाले. घराला मान द्यावा, पण भिजत बसू नये, असा त्यांचा सरळ हिशेब होता. आता ती भिंत छपरापर्यंत चिऱ्यांची आहे आणि तात्याही नाहीत.

आणखी एक घर सांगते. नांदेड जिल्ह्यात माझ्या धाकट्या नणंदेचे सासर. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मग गावोगावच्या आपल्या वस्त्या कशा पेटल्या ते वयस्कर वाचकांना सांगायला नको. नणंदेच्या सासऱ्यांचे घर त्यातलेच एक. ते पुन्हा बांधले तेव्हा विटा नव्या, पत्रे नवे, फक्त दाराची चौकट जुनी ठेवली. आतल्या अंगाने ती कोळशासारखी काळी आहे. दर सणाला घरातल्या बायका तिला तेलाचा हात फिरवतात, त्यामुळे ती काळी असूनही चकाकते. मी तिच्याकडे पाहत उभी राहिले, तेव्हा नणंदेची सासू म्हणाली, “जळकं लाकूड घरात ठिवू न्हाई म्हणतेत. पर बाभळीची हाय. जळली न्हाई, निस्ती काळी झाली.” मग त्याच दमात तिने मला चहात साखर किती ते विचारले. १४ जानेवारी १९९४ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्या दिवशी त्या चौकटीला फुलांची माळ लावली होती, असे नणंद सांगते.

अशी घरे पाहिल्यावर कोणाला वाटेल, काय छान होते ते जुने दिवस! चाळींवर हल्ली असे गोड-गोड लिहून येते. माणुसकी होती, दारे उघडी होती, वगैरे. सगळे खरे. पण हे लिहिणारे बहुतेक पुरुष असतात, हे माझे निरीक्षण आहे. मजल्याच्या टोकाला सामाईक संडास, आणि रात्री दोन वाजता सुनेला जायचे तर सोबतीला सासूने उठायचे. दिवस गेलेले असले तरी पाण्याचा डबा घेऊन रांगेत उभे राहायचे. पाळीच्या चार दिवसांतले हाल तर कोणाला बोलून दाखवायची सोय नाही. या गोष्टी त्या गोड लेखांत नसतात. म्हणून चाळी पडणार म्हणून गळा काढणाऱ्यांत मी नाही.

वरळीच्या चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन १ ऑगस्ट २०२१ रोजी झाले आणि १४ ऑगस्ट २०२५ला पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० फुटांचे घर, चाळीस मजली इमारतीत. मावशीचा त्यात नंबर लागला. आता तिची ऐंशी उलटली आहे. काका जाऊन बरीच वर्षे झाली, धाकटा मुलगा बदलापूरला राहायला गेला. थंडीत मी तिला भेटायला गेले. खाली वहीत नाव, वेळ, कोणाकडे, कशासाठी, सगळे लिहून घेतले. कशासाठी या रकान्यात मी ‘मावशी’ असे लिहिले.

लिफ्टमधून बाहेर पडले तर एका ओळीत बंद दारे. त्यात एकच दार उघडे आणि दारात खुर्ची टाकून मावशी.

“आलीस? चल, आधी एक दाखवते.” तिने मला हाताला धरून बैठक ओलांडून नेले आणि संडासचे दार उघडले. पांढऱ्या फरशा, नळ, दिवा. तिने दिवा लावला, घालवला, पुन्हा लावला. “घरात! रात्री कितीही वेळा उठावं. सासूला सांगायचं तर सासू न्हाई राहिली.” मग मला समुद्र दाखवायला खिडकीशी नेले, पण तो दाखवताना ती संडास दाखवतानाएवढी काही फुलली नव्हती.

फोटोंवरून घरात थोडी धुसफूस चालली होती, ती मला चहा होईस्तोवर कळली. नातू कमावता आहे, चांगला मुलगा आहे. त्याने कारागीर बोलावून बैठकीच्या समोरच्या भिंतीवर टीव्हीसाठी लाकडी काम ठरवले होते. फोटो आतल्या खोलीत लावू, असे त्याचे म्हणणे. मावशीने वाद घातला नाही. एवढेच विचारले, “बाबासाहेबांना आतल्या खोलीत? ते काय आजारी आहेत?” आणि आठ दिवस टीव्ही लावला तरी ती पाठ करून बसली. नवव्या दिवशी टीव्ही बाजूच्या भिंतीवर गेला.

पण तेवढ्याने प्रश्न मिटला नाही. चाळीतल्या भिंतीवर सात फोटो होते. नव्या भिंतीवर बाबासाहेब, रमाई आणि फळीवर बुद्धमूर्ती इतके आले. नातसून म्हणते, एक भिंत तरी मोकळी दिसू द्या, डोळ्यांना बरे वाटते. ती एका खोलीत सहा माणसांत वाढलेली मुलगी आहे. मोकळी भिंत हे तिच्या दृष्टीने सुख आहे आणि त्या सुखावर तिचा हक्क आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. पण काकांचा गणवेशातला फोटो अजून खोक्यात आहे, सासऱ्यांचा पुसट फोटोही. मावशीने मला खोके उघडून दाखवले आणि वरचे वर्तमानपत्र पुन्हा नीट दाबून ठेवले. “बघू. पोरं विचार करतायत,” म्हणाली.

शेजारी कोण राहते विचारले, तर जुन्या मजल्यावरचे एकच घर या मजल्यावर आले आहे. बाकीचे कोणी वर, कोणी खाली. ज्या विधवा बाईकडे मावशी इतकी वर्षे झोपायला जायची, तिची चाळ पुढच्या टप्प्यात आहे. ती अजून संक्रमण शिबिरात दिवस मोजते आहे. रोज दुपारी दोघींचा फोन होतो. मावशीला फोनवर ओरडून बोलायची सवय, त्यामुळे दार उघडे ठेवले की सगळ्या मजल्याला खबर कळते. पलीकडची एक नवी सून त्या आवाजाने बाहेर येऊन आता मावशीजवळ भाजी निवडायला बसू लागली आहे.

निघताना मावशीने सोड्याच्या चटणीचा डबा माझ्या पिशवीत घातला. मी म्हटले, माझ्या घरी एवढे कोण खाणार?

“तुला न्हाई गो. वाटेत तिच्याकडे शिबिरात दे. नि तिला सांग, लिफ्टला घाबरायचं न्हाई. आधी मी पण डोळे मिटून चढायचे.”